मुलांच्या खोलीत गाडीची सजावट करताय? या चुका टाळा

इंटरनेटवर दिसणाऱ्या गाडीच्या थीमच्या खोल्या बहुधा वातानुकूलित आणि गुळगुळीत पुट्टीच्या भिंतींच्या असतात. लातूर, बीड किंवा परभणीतील आपल्या घरात मात्र उन्हाळा लागताच पारा चाळिशी ओलांडतो, खिडकीला कूलर बसतो आणि भिंतीवर जुन्या चुन्याचे किंवा डिस्टेंपरचे थर चढलेले असतात. ही खोली नीट न पाहता सजावटीला हात घालणे, हीच बहुतेक बिघाडांमागची पहिली चूक असते.

स्टिकर सुटतात, कोपरे वळतात

सर्वाधिक तक्रार हीच असते आणि तिचा दोष स्टिकरच्या माथी मारला जातो. भिंतीवर तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर डिंक भिंतीला नव्हे, त्या भुकटीला चिकटत असतो. अशा वेळी सुटलेला थर खरवडून काढावा, भिंत ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच प्रायमरचा हात द्यावा. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर तीन-चार आठवडे काहीही चिकटवू नये. भिंतीच्या तळाशी लोणा लागला असेल, तर आधी ओलीचे मूळ शोधावे लागते. तोवर गाड्यांसाठी भिंतीवर रंगवायचा रस्ता दोन-तीन फूट वर घेणे शहाणपणाचे ठरते. कूलरचा दमट झोत थेट ज्या भिंतीवर येतो, तेथे पुठ्ठ्याच्या गाड्या महिनाभरही सरळ राहत नाहीत. फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्ड, म्हणजे हलका प्लास्टिक फोमचा तक्ता, कापून घेतल्यास हा प्रश्न येत नाही. वळलेला विनाइल स्टिकर केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित गरम करून सुती फडक्याने दाबल्यास पुष्कळदा पुन्हा बसतो.

रस्त्याची मापे आणि कडा

भिंतीवरचा रस्ता अंदाजाने आखला, तर मुलाच्या गाड्या त्यावर शोभत नाहीत. तळहातात मावणारी धातूची खेळण्यातील गाडी साधारण तीन सेंटीमीटर रुंद असते. तिच्यासाठी सहा सेंटीमीटरची एक मार्गिका, म्हणजे दुहेरी रस्त्याला बारा सेंटीमीटर पुरतात. कडेला लावलेली मास्किंग टेप रंग पूर्ण सुकण्यापूर्वीच, तिरकी ओढून काढावी, कारण सुकल्यावर ती रंगाचा पापुद्रा घेऊन येते आणि उन्हाळ्यात चार दिवस तशीच ठेवली, तर डिंकही मागे सोडते. रंग टेपखाली झिरपत असेल, तर टेपच्या कडेवर आधी भिंतीचाच रंग एकदा फिरवावा. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, परदेशी शर्यतीच्या मैदानापेक्षा तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर असा राष्ट्रीय महामार्ग ५२ काढावा, त्यावर पिवळ्या माथ्याचे मैलाचे दगड आणि लाल एसटी दाखवावी. मुलाला गावांची नावे आपोआप पाठ होतात.

उरलेला रंग आणि जुने टायर

फाटकाचा किंवा ट्रॅक्टरचा उरलेला तेलरंग या कामात वापरण्याचा मोह टाळावा. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु तो औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि गाड्यांना हमखास लागणाऱ्या पिवळ्या व लाल छटांतच शिसे मिसळण्याची प्रथा जुनी आहे. डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. जुन्या टायरची बैठक छायाचित्रात देखणी दिसते, पण पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याचा वास बसवत नाही आणि फरशीवर काळे डाग पडतात.

पलंग, फळ्या आणि दिवे

गाडीच्या आकाराचा पलंग करताना सुताराला गादीचे नेमके माप देऊ नये. चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली नाही, तर चादर खोचता येत नाही. चाके केवळ शोभेची, बाहेरून स्क्रूने बसवलेली असावीत आणि प्लायच्या कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात. उशाशी खेळण्यांची जड फळी मारण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लोकांना झोपेतच गाठले होते, आणि दगडमातीच्या भिंतीत साधा खिळा तसाही भार पेलत नाही. फळी पलंगापासून दूर, मुलाच्या खांद्याच्या उंचीखाली असावी.

हेडलाइटसाठी प्लायच्या आत २३० व्होल्टचा बल्ब बसवू नये. १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरावी आणि तिचा अडॅप्टर गादीखाली न दडवता मोकळ्या हवेत, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. उष्म्याने पट्टीचा डिंक सुटतो, म्हणून तिला प्लास्टिकच्या क्लिपांचा आधार द्यावा. पट्टीसोबत येणाऱ्या छोट्या रिमोटमध्ये बटणसारखा चपटा सेल असतो. तो गिळल्यास दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर तो रिमोट खोलीत न ठेवता भिंतीवरचे साधे बटण जोडून घ्यावे.