फोर्कलिफ्टवरच्या संगणकाचं ब्लूटूथ: गाडी कामावर सोडण्याआधी

गाडी चार्जिंगला उभी असते, तेव्हाच हे काम उरकून घ्या. शिफ्ट सुरू झाली की चालकाला माल हलवायचा असतो, आणि मग समोर येईल त्या जोडणीच्या विनंतीवर ‘हो’ दाबलं जातं.

आधी संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. तिथे बहुधा बदलून गेलेले बारकोड स्कॅनर, एखादा जुना प्रिंटर आणि कुणाचा तरी फोन सापडेल. हे सगळं काढून टाका. एका पत्रकावर गाडीचा क्रमांक, संगणकाचा ब्लूटूथ पत्ता (ब्लूटूथवर त्याला ओळखण्याचा क्रमांक) आणि त्याच्यासोबतच्या स्कॅनर-प्रिंटरचे अनुक्रमांक लिहा. यादीत जे आहे ते पत्रकावर नसेल, तर ते यादीत राहू नये.

मग सुरक्षा अपडेटची तारीख बघा. या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथेच देतो. ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा कीबोर्ड म्हणून जोडलेला असतो. त्याने वाचलेला कोड संगणकाला टाइप केलेल्या अक्षरांसारखाच दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये अशी त्रुटी जाहीर झाली की जवळपासचा कुणीही खोटा कीबोर्ड म्हणून, वापरणाऱ्याला न विचारता, जोडला जाऊ शकत होता. संगणक अँड्रॉइडवर चालत असेल, तर ११ ते १४ या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती मिळाली नाही. गाड्यांवरचे संगणक वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे अशी जुनी आवृत्ती अजूनही भेटते. अँड्रॉइडचं सुरक्षा अपडेट ५ डिसेंबर २०२३ च्या आधीचं असेल, तर अपडेट होईपर्यंत त्या संगणकावर ब्लूटूथ बंद ठेवा आणि स्कॅनर केबलने जोडा. चालकाला केबल अडचणीची वाटेल, तरी ठेवा.

प्रोफाइल म्हणजे ब्लूटूथवरून जोडण्याची ठरलेली पद्धत. तुमचं सॉफ्टवेअर सिरियल पोर्ट प्रोफाइल घेत असेल, तर स्कॅनर कीबोर्डऐवजी त्यावर जोडा. वाचलेला कोड थेट सॉफ्टवेअरकडे जातो, कर्सर जिथे असेल तिथे उमटत नाही. मग कीबोर्ड, फाइल देवाणघेवाण, इंटरनेट शेअरिंग ही प्रोफाइल उपकरण-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून बंद करता येतात.

पेअरिंग, म्हणजे दोन उपकरणांची पहिली जोडणी, गर्दीपासून दूर, एका वेळी एकाच गाडीचं करा. प्रिंटरसारख्या पडदा असलेल्या उपकरणाशी जोडताना दोन्हीकडे सहा अंक दिसले, तर ते खरंच जुळवून बघा. स्कॅनरला बहुधा पडदा नसतो, त्यामुळे तिथे बऱ्याचदा कोडशिवायच जोडणी होते आणि मध्ये कुणी शिरलं तर कळायला मार्ग नसतो. म्हणूनच जागा आणि वेळ आपण निवडायची. काही स्कॅनर संगणकाच्या पत्त्याचा बारकोड वाचून जोडले जातात. तो बारकोड काचेवर चिकटवून ठेवू नका, पर्यवेक्षकाकडे असू द्या. काम झालं की संगणक इतरांना शोधात दिसणार नाही असं करा, आणि त्याचं नाव मॉडेलवरून ठेवलेलं असेल तर बदला. ‘ब्लूटूथ म्हणजे दहा मीटर’ हे सगळीकडे खरं नाही. क्लास १ चं, म्हणजे जास्त ताकदीचं, उपकरण मोकळ्या जागेत सुमारे शंभर मीटरपर्यंत पोहोचतं, म्हणजे कुंपणाबाहेरही.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. ब्लूटूथ २.४ वर चालतं. दोन्ही एकाच पट्ट्यात असली की स्कॅनर अडखळतो, आणि वैतागून चालक पुन्हा पेअर करायला लागतो.

आता गाडी बंद करून चालू करा. स्कॅनर आपोआप जोडला जातो का? संगणक पुन्हा शोधात दिसायला लागला का? ही दुसरी गोष्ट फोनवर ब्लूटूथ शोधून तपासा, सेटिंगवर विसंबू नका. काही संगणक रीस्टार्टनंतर जुन्याच सवयीवर जातात. स्कॅनर दूर नेऊन परत आणा आणि संपर्क तुटल्याचा बीप चालकाला चालू गाडीच्या आवाजात ऐकू येतो का, हे त्याच्याच जागी बसून ऐका.

गाडी दुरुस्तीला किंवा दुसऱ्या कोठारात जाणार असेल, तर जोडण्या दोन्हीकडून पुसा. फक्त संगणकावरून काढलं आणि स्कॅनरवर राहिलं, तर तो स्कॅनर जुनाच पत्ता शोधत बसतो.