जुन्या खिडक्या-दारं बदलताना ऊर्जा वाचवणारी निवड कशी करावी

खिडक्या बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग आणि डिझाइन बघतात, मग दर विचारतात, आणि काचेचा विषय निघतो तो अगदी शेवटी. हा क्रम उलटा हवा. खिडकीतून उष्णता तीन वाटांनी ये-जा करते: काच आणि चौकटीतून झिरपत, उन्हाबरोबर थेट, आणि फटींतून हवेबरोबर. तुमच्या घराला यांतली कोणती वाट जास्त छळते, हे कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आधी फटी शोधा

वारा असलेल्या दिवशी पंखे बंद करा, सगळी दारं-खिडक्या लावून घ्या, पडदे बाजूला बांधा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धुराची सरळ रेघ जिथे अचानक वाकते किंवा विस्कटते, तिथे फट आहे. त्या जागी पेन्सिलीने खूण करा. मग कागदाचा एक तुकडा पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये धरून पल्ला लावा. कागद सहज ओढला गेला, तर तिथलं रबर दबत नाही.

दाराखालची फट तर हमखास दुर्लक्षित राहते. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली ५ मिलिमीटर फट असेल, तर ते ४५ चौरस सेंटिमीटरचं भोक झालं. नवं रबर, दाराखाली ब्रशची पट्टी आणि चौकट-भिंतीच्या सांध्यात सीलंट एवढ्यावर काम भागत असेल, तर अख्खी खिडकी काढू नका. तसंच, दुहेरी काचेच्या आतल्या पोकळीत धुकं साचत असेल तर काचांचं सील गेलेलं असतं. चौकट धड असली तर फक्त काचेचा संच बदलून मिळतो. हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

ऊन की थंडी, हे ठरवा

खिडकीच्या माहितीपत्रकात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला यू-मूल्य: आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते. साध्या एकेरी काचेचं यू-मूल्य ५.७ च्या आसपास असतं, साध्या दुहेरी काचेचं २.८ च्या आसपास, आणि काचेवर लो-ई नावाचा पातळ लेप व दोन काचांमध्ये आर्गॉन वायू असलेल्या दुहेरी काचेचं १.२ पर्यंत खाली येतं. दुसरा आकडा एसएचजीसी: काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. तो ० ते १ मध्ये असतो आणि साध्या काचेचा ०.८ च्या वर.

आता दीड चौरस मीटरची, साध्या काचेची पश्चिमेकडची खिडकी घ्या. बाहेर ४० अंश, आत २६. काचेतून झिरपणारी उष्णता साधारण १२० वॅट. पण त्याच काचेवर दुपारनंतरचं ऊन पडतंय आणि त्याची तीव्रता चौरस मीटरला ६०० वॅट धरली, तर एसएचजीसी ०.८२ असताना उन्हातून आत येतात जवळपास ७४० वॅट. काच बदलून एसएचजीसी ०.३ वर आणला की ते २७० वर येतात. म्हणून गरम हवेच्या प्रदेशात यू-मूल्यापेक्षा एसएचजीसीला वजन द्या. थंड प्रदेशात उलट: ऊन दिवसातले काही तास मिळतं, उष्णता मात्र रात्रभर बाहेर झिरपत राहते. तिथे यू-मूल्य कमी हवं आणि उन्हाच्या बाजूला एसएचजीसी थोडा जास्त असलेलाच बरा.

घरातल्या सगळ्या खिडक्यांना एकच काच लावायची गरज नाही. माध्यान्हीचं ऊन उंचावरून येतं, छज्जा ते अडवतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं, ते छज्जाखालून सरळ आत शिरतं. चांगली काच आधी तिथे लावा. बाहेरून लावलेली झडप किंवा चिकही जरूर विचारात घ्या, कारण आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता काचेच्या आत आलेली असते.

काच आणि चौकट तपासा

लो-ई म्हणजे काचेवरचा धातूचा अतिशय पातळ, पारदर्शक लेप. तो आहे की नाही हे घरी बघता येतं. अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरपा धरा. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात, कारण पृष्ठभाग चार. त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं तर लेप आहे. चारही सारखी असतील तर बसवणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा.

दर घेताना यू-मूल्य नुसत्या काचेचं आहे की चौकटीसकट पूर्ण खिडकीचं, हे नक्की करून घ्या. काचेचा आकडा बहुधा जास्त देखणा असतो. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं, त्यामुळे ती चौकट घ्यायची तर थर्मल ब्रेकवाली, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या धातूमध्ये प्लास्टिकची पट्टी असलेलीच घ्या. यूपीव्हीसी (एक कडक प्लास्टिक) आणि लाकूड मुळातच कमी उष्णता वाहतात. लाकडाला मात्र रंग-पॉलिशची निगा लागते. उघडण्याच्या पद्धतीत बिजागरीचा पल्ला सरकत्या पल्ल्यापेक्षा सरस, कारण लावताना तो रबरावर दाबून बसतो. जागाच नसेल तरच सरकती.

दाराचं गणित सोपं. आत फोम भरलेलं दार भरीव लाकडी दारापेक्षा उष्णता चांगली अडवतं. दारात काच हवी असेल तर ती दुहेरी आणि टफन्ड (फुटली तर बोथट तुकडे होणारी) किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) घ्या. उंबरठा आणि खालची पट्टी एकमेकांना नीट टेकतात ना, हे दार लावून-उघडून बघा.

बसवताना समोर उभे राहा

उत्तम खिडकी वाईट बसवली तर पैसे वाया जातात. चौकट आणि भिंत यांच्यातली पोकळी कमी फुगणाऱ्या फोमने भरायला सांगा. जास्त फुगणारा फोम चौकट वाकवतो आणि पल्ला अडकतो. बाहेरची खिडकीपट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. चौकटीच्या खालची पाणी जाण्याची बारीक भोकं सीलंटने बुजवू देऊ नका, नाहीतर पाणी आतच साचेल. काम संपलं की मजुरी देण्याआधी उदबत्ती पुन्हा एकदा सगळ्या कडांवरून फिरवा.

घर घट्ट बंद झालं की हवा खेळती ठेवायची जबाबदारी आपल्यावर येते. ज्या खोलीत गॅसचा गीझर किंवा शेगडी जळते, तिथे हवेची कायमची वाट आणि धूर बाहेर जायची सोय ठेवल्याशिवाय फटी बुजवू नका. हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसमधून तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि झोपायच्या खोलीत निदान एक पल्ला असा ठेवा की आग लागली तर माणूस त्यातून बाहेर पडू शकेल.