‘अँग्विश’ या शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

गोव्यात इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांपुढे ‘अँग्विश’ हा शब्द आला की ‘दुःख’ असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण हा शब्द दुःखाचे जे विशिष्ट रूप सांगतो, ते त्याच्या उगमातच दिसते.

प्रथम व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश उघडावा. हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिन ‘अंगुस्तिया’पासून. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ अरुंदपणा, चिंचोळेपणा असा असून, त्याच्या मुळाशी आवळणे, गळा दाबणे या अर्थाचे ‘अंगेरे’ हे क्रियापद आहे. आपल्याकडे एक सोय अधिक आहे: पोर्तुगीज शिकलेले वडीलधारे घरात असतील, तर ‘आंगुश्तिया’ हा शब्द ते कोणत्या प्रसंगी वापरतात, हे त्यांना आवर्जून विचारावे. पोर्तुगीजमध्ये तो याच लॅटिन शब्दापासून आलेला आहे.

त्यानंतर भाईबंद शोधावेत. जर्मन ‘आंग्स्ट’ (भीती), इंग्रजी ‘अँग्झायटी’ आणि आज रागाचा वाचक असलेला, पण मूळच्या नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत दुःख सांगणारा ‘अँगर’ हे सारे एकाच कुळातले आहेत. ऋग्वेदातला संकट, कोंडी या अर्थाचा ‘अंहस्’ हाही त्याच प्राचीन मुळाचा. मात्र तेवढ्यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून आला असे लिहू नये. केवळ ध्वनिसाम्यावरही विसंबू नये. ‘अंगुष्ठ’ कितीही जवळचा वाटला, तरी त्याचा येथे संबंध नाही.

जवळचे शब्दही पडताळावेत. शोक या अर्थाच्या इंग्रजी ‘ग्रीफ’च्या मुळाशी जडपणा आहे, ‘अँग्विश’च्या मुळाशी आवळले जाणे. म्हणून समुद्रात गेलेला ट्रॉलर परतलेला नाही आणि कुटुंबीय जेटीवर वाट पाहत आहेत, अशा प्रसंगी ‘जिवाची घालमेल’ किंवा ‘घुसमट’ मला सर्वांत नेमके वाटतात. मृत्यूची बातमी आल्यानंतरच्या अवस्थेला ‘शोक’ शोभतो. ‘वेदना’ चालेल, पण त्यात कोंडमारा येत नाही.

न्यायालयीन मजकुरात मात्र आपली निवड बाजूला ठेवून ‘मानसिक त्रास’, ‘मानसिक यातना’ यांपैकी त्या कागदपत्रांत रूढ असलेला शब्दच शेवटपर्यंत कायम ठेवावा.