लग्नाला आलात, पण लेकरू गाडीतच? या चुका टाळा

नागपुरात मी एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघतो, पंगतीपासून पार्किंगपर्यंत सगळी. एप्रिल-मे ही आमची सुगी, आणि झोपलेली पोरं गाडीत राहण्याचीही. दरवर्षी तेच बघून वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक: "तो तिच्याकडे असेल."

२०२४ च्या मे महिन्यात राजस्थानात कोटा जिल्ह्यात लग्नाला आलेली तीन वर्षांची मुलगी अशीच गेली. आईला वाटलं बापाजवळ, बापाला वाटलं आईजवळ. आमच्याकडे तेच होता होता राहिलं. दोन गाड्यांत अकरा माणसं. आई आधीच नवरीच्या खोलीत, बाप सामान उतरवण्यात, आत्या साडीच्या निऱ्यांत. मागच्या तिसऱ्या सीटवर अडीच वर्षांचा पोरगा ओढणीखाली झोपलेला. वॉचमनला दाराशी एक चिमुकली मोजडी सापडली. जोडीतली दुसरी आत दिसते का म्हणून त्याने काळ्या काचेला हात लावून डोकावलं.

मी माइकवरून गाडीचा नंबर पुकारला. कोणी हललं नाही. नंबर पुकारला की लोकांना वाटतं गाडी आडवी लागली असेल, जेवून काढू! मग "गाडीत लेकरू आहे" म्हटलं तेव्हा कुठे पंगत उठली. तोवर वॉचमनने विटेने पुढच्या दाराची काच फोडली होती. पोरगा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, रडायचंही त्राण नाही. कपडे काढले, ओल्या पंच्याने पुसत कूलरसमोर धरला, १०८ बोलावली. वाचला. बाप धावत आला तो आधी काच बघून "हे कोणी केलं?" म्हणाला, मग आत बघितलं आणि तिथेच खाली बसला.

त्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. पण तेव्हापासून माझ्या घरची सवय सांगतो. उतरताना नाव घेऊन, मोठ्याने: "चिनू तुझ्याकडे. घेतला?" समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत मी हात सोडत नाही. नुसती मान डोलावलेली चालत नाही. शिवाय आहेराचं पाकीट पोराच्या शेजारी मागे ठेवतो. पाकिटाशिवाय हॉलमध्ये शिरायची आपली कोणाची हिंमत आहे?

दुसरी चूक: "माझ्याकडून असं होणारच नाही."

अमेरिकेत १९९८ पासूनच्या नोंदी आहेत. तापलेल्या गाडीत वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं जातात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त विसरलेली असतात. तिथले मेंदूतज्ज्ञ डेव्हिड डायमंड सांगतात की रोजच्या रस्त्यावर सवयीची स्मृती गाडी चालवते आणि "आज पाळणाघरात सोडायचंय" हे तिच्याखाली दबून जातं. मूल मागे झोपलेलं असेल तर आठवण करून द्यायलाही कोणी नसतं. त्यामुळे रोज आई सोडते आणि आज बापावर आलंय, असा दिवस जास्त घातक. अशा दिवशी डबा आणि मोबाइल मागच्या सीटवर टाका. पाळणाघराच्या ताईंना सांगून ठेवा: दहापर्यंत पोर आलं नाही तर फोन करा, मेसेज नको.

"काच थोडी खाली ठेवलीये." उपयोग नाही. गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, बोटभर फटीने त्यात फरक पडत नाही. आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं.

"दोन मिनिटांत आलो, एसी चालू आहे." किल्ली आत आणि पोराने लॉकचं बटण दाबलेलं, हे मी दोनदा पाहिलंय. दोन मिनिटं कोणाचीच दोन मिनिटं नसतात, विशेषतः मिठाईच्या दुकानात.

घरासमोर उभी गाडी उघडी ठेवणं. २०२३ च्या जूनमध्ये इथेच, टेका नाक्याजवळ, तीन मुलं उभ्या गाडीत मेलेली सापडली. पोर दिसेना झालं की आधी गाड्या बघा, डिकीसकट. मग गल्ली.

आणि काच फोडायला लाजू नका. समोरची काच फोडायच्या भानगडीत पडू नका, ती चिरते पण निघत नाही. पोरापासून लांबच्या दाराची काच, कोपऱ्यात मारा. आमच्या वॉचमनच्या खोलीत आता खास हातोडा टांगलाय. मागच्या आठवड्यात डेकोरेशनवाला तो मंडपाला घेऊन गेला होता, तसाच परत आणून टांगायला लावला.