आजोबांची एअर फोर्सची ट्रंक रद्दीत देण्याआधी

दादरच्या आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट एकदाचं पक्कं झालं, घर खाली करायला तीन महिने मिळाले, आणि माळ्यावरून एक काळी पत्र्याची ट्रंक खाली आली, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर आणि आमचं आडनाव. आजोबा दुसऱ्या महायुद्धात एअर फोर्समध्ये फिटर होते. पायलट नाही, फिटर. हे आधीच सांगते कारण एअर फोर्स म्हटलं की सगळ्यांना गॉगलवाला पायलटच दिसतो, पण फोर्सच्या भाषेत एअरमन म्हणजे ऑफिसर नसलेला माणूस, इंजिन खोलणारा, वायरलेस बघणारा, बॉम्ब लावणारा. पायलटची लॉगबुकं लोक जपतात, ह्यांचे कागद किलोच्या भावाने जातात. आमचेही जाणारच होते, पेपरवाला दारात उभा होता. तुमच्याही घरात अशी ट्रंक, सूटकेस, पितळी डबा काही असेल तर मी जे चुका करून शिकले ते वाचा आणि मग हात लावा.

पहिली गोष्ट म्हणजे काहीही बाहेर काढू नका. झाकण उघडा आणि मोबाईलने फोटो काढा, मग वरचा थर उचला, परत फोटो, असं तळापर्यंत. वेडेपणा वाटेल पण कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती ह्यातच अर्धी गोष्ट असते. आमच्याकडे १९४४ची एक खिशातली डायरी होती आणि तिच्या पानात एक पारदर्शक बदाम, अंगठ्याच्या नखाएवढा, वर बारीक भोक, कडेला करवतीचे ओरखडे अजून दिसतात. काकांनी तो उचलला आणि "प्लास्टिकचं काहीतरी" म्हणून शोकेसमध्ये ठेवला. माझ्याकडे फोटो होता म्हणून तो कुठल्या पानात होता ते नंतर सापडलं, आणि त्या पानावर पेन्सिलने दोनच ओळी, की मोडलेल्या हरिकेनची काच मिळाली, रात्री घासत बसलो. (हरिकेन म्हणजे लढाऊ विमान, कंदील नव्हे.) विमानाच्या कॉकपिटची काच म्हणजे पर्स्पेक्स, एक पारदर्शक प्लास्टिक, ती कापून, घासून, पॉलिश करून लॉकेटं, अंगठ्या करायचा नाद तेव्हा सगळ्याच देशांच्या ग्राउंड क्रूला होता. ते पान नसतं तर तो बदाम नातवंडांच्या खेळण्यात गेला असता. (पर्स्पेक्स कधीही स्पिरिट किंवा काच पुसायच्या स्प्रेने पुसू नका, त्याला आतून केसासारख्या चिरा जातात. ओलसर मऊ फडकं, बस.)

मग एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक वस्तूला नंबर द्या. नंबर वस्तूवर नाही, पाकिटावर. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल, २बी किंवा त्याहून मऊ, कडेला, दाब न देता. बॉलपेनने लिहिलं की समोरच्या चेहऱ्यावर उमटतं, आमच्या एका ग्रुप फोटोत आजोबांच्या कपाळावर उलटं "१९४३" आहे.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात मुंबईत हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि कागदाला पन्नासच्या आसपास बरं वाटतं, त्यामुळे जुलैमध्ये ट्रंक उघडून आठवडाभर पसारा मांडला तर बुरशीला आमंत्रणच. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, ती आणखी आत जाते. आधी सावलीत, पंख्याची झोत थेट न लावता वाळू द्या, मग मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. कडक उन्हात टाकू नका. आईने लोणच्याच्या फोडींसारखे कागद गच्चीत पसरले होते, संध्याकाळपर्यंत त्यांचे पापड झाले.

आता आमच्या घराण्यातलं पाप. मोठ्या काकांनी आजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट पंचवीस वर्षांपूर्वी "सेफ राहावं" म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात लॅमिनेट करून आणलं. लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिकचा गोंद कागदाच्या आत शिरतो आणि तो परत सुटत नाही, कागदाचं स्वतःचं ॲसिड आतच कोंडतं. आज ते सर्टिफिकेट चहा सांडल्यासारखं तपकिरी झालंय आणि काही करता येत नाही. सेलोटेपचंही तेच, टेप गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो. टाचण्या, स्टेपल, यू पिना गंजलेल्या असतील तर हळूच काढा, ओढू नका, पातळ प्लास्टिकची पट्टी खाली सरकवून काढा. रबरबँड वितळून चिकटलेलं असेल तर ओढायच्या भानगडीत पडू नका, जाणकाराला दाखवा.

पत्रांबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्यात आम्ही जास्त गमावलं. पत्रांचा एक गठ्ठा आत्याकडे कालिन्याला तळमजल्यावर होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तो दिवसभर पाण्यात होता. त्यातली बरीच पत्रं कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली, ही पेन्सिल कोरडी असताना साधी करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी शाई होऊन पसरते. आत्याने ती दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली, आता त्या कागदांवर फक्त जांभळे ढग आहेत. तेव्हा कुणी सांगितलं असतं की ओले कागद तसेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, एक-दोन दिवसांच्या आत, तर निदान बुरशी थांबली असती आणि शांतपणे जाणकाराकडे नेता आले असते. (फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी आजोबांची पत्रं, हसा, पण संग्रहालयवालेही हेच करतात.) फोटो गोठवायचा असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

घड्या उलगडा, पण कागद कडकड वाजत असेल तर जबरदस्ती नको. पत्र आणि त्याचं पाकीट वेगळं करू नका. युद्धातल्या पत्रात गावाचं नाव लिहायला बंदी असायची, सेन्सॉरचा शिक्का असायचा, मजकूर काळा केलेला किंवा ब्लेडने कापलेला असायचा, त्यामुळे माणूस कधी कुठे होता हे पाकिटावरच्या तारखेवरून आणि शिक्क्यांवरूनच जुळवावं लागतं. एक झटपट खूण: मार्च १९४५मध्ये इंडियन एअर फोर्सला "रॉयल" लागलं आणि २६ जानेवारी १९५०ला ते गेलं. म्हणजे कागदावर आर.आय.ए.एफ. छापलंय तर तो बहुधा ह्या पाच वर्षांतला. पणजोबांनी आजोबांना पाठवलेली पत्रं मोडीत निघाली, घरात कुणालाच वाचता येईनात, म्हणून "हिशेबाचे कागद" समजून बाजूला काढली होती. मोडी वाचणारे अजून आहेत, न कळणारा कागद म्हणजे रद्दी असं समजू नका. आणि डायरीतली कंटाळवाणी पानंही ठेवा. फेब्रुवारी १९४६ला मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला तेव्हा इथल्या एअर फोर्सच्या काही कँपांमधल्या लोकांनीही पाठिंब्यासाठी काम थांबवलं होतं. आजोबांच्या १९४६च्या डायरीत त्या आठवड्यात "आज काम नाही" एवढंच आहे, तीनदा. मी ते सुट्टी समजले होते.

फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. चिकट पानांचे ऐंशी-नव्वदच्या दशकातले अल्बम वाईट, त्यातून काढता आले तर काढा. पीव्हीसीचे स्लीव्ह नकोत, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. विमानाच्या फोटोत पंखावरचं गोल चिन्ह बघा: १९४२नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला लाल ठिपका काढून टाकला, जपानी विमानांच्या लाल सूर्याशी गोंधळ होऊ नये म्हणून, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मधला ठिपका फिका दिसतो.

मेडल्सना पितांबरी लावू नका, हात जोडून सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या ज्या मेडल्स ब्रिटिशांना मिळाल्या त्या बिननावाच्या होत्या, पण भारतीयांना दिलेल्यांवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असायचं, गोल मेडलच्या कडेवर, बर्मा स्टारसारख्या चांदणीच्या मागे. घासून घासून तेच पुसलं जातं. रिबिनी धुवायच्या नाहीत. युनिफॉर्मला खळ नसलेल्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, आजीची मऊ नऊवारी एकदम बेस्ट, खळ असली की कसर येते. डांबरगोळ्या कागद-फोटोंना टेकवून ठेवू नका. अंधारात चमकायचे आकडे असलेलं जुनं घड्याळ किंवा कंपास असेल तर काच उघडू नका, तो रंग रेडियमचा असू शकतो आणि चमक गेली तरी रेडियम जात नाही. काडतूस सापडलं तर हलवू नका, सरळ पोलिसांना कळवा.

स्कॅन ६०० डीपीआयला, मागची बाजूही, कोरी असली तरी. एक कॉपी घरातल्या हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या भावाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे कॉपी नव्हे.

मग ज्येष्ठ मंडळींकडे जा, आणि लवकर जा. "युद्धाबद्दल सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. फोटो हातात द्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू करा आणि विचारा, हा डावीकडून तिसरा कोण. आत्याला तो तिसरा आठवला, वर तो दिवाळीला चकल्या न्यायला यायचा हेही आठवलं. बदाम दाखवल्यावर मात्र ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, हा वहिनीच्या पोतीत होता, नंतर दिसला नाही कधी. वहिनी म्हणजे माझी आजी, आमच्याकडे सगळी पोरं आईला वहिनीच म्हणायची. म्हणजे तो आजीला मिळाला होता, आणि तिच्या मागे आजोबांनी परत त्याच पानात ठेवला. वहीत लिहून ठेवलंय, तारीख टाकून, कोणी सांगितलं त्यासकट.

सरकारी माहितीसाठी सर्व्हिस नंबर लागतो, तो ट्रंकेवर, डिस्चार्ज बुकात किंवा मेडलवर मिळेल. एअरमनचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे, पत्र लिहायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधता येतात, ज्यांची कबर किंवा राख काहीच नाही अशा पूर्वेकडच्या आघाडीवरच्या एअर फोर्सवाल्यांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत.

कागद फारच नाजूक असतील तर फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, तिथे सल्ला विचारा, घरी गोंद लावत बसू नका. आणि वाटण्या करू नका, एकाला मेडल, एकाला डायरी, एकाला फोटो असं झालं की दोन पिढ्यांत त्यातलं एखादं चोरबाजारात दिसतं. परदेशातल्या भावाने ओरिजिनल मागितलं तरी कुरियर करू नका, ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक कागद १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आमच्या न्यू जर्सीच्या चुलतभावाला स्कॅन पाठवले, तो आधी फुगला, मग त्यानेच निम्म्या फोटोंना नावं लावून दिली.

ट्रंक सध्या भाड्याच्या घरात आहे. बाहेरच्या भिंतीला नाही, आतल्या खोलीत, लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. आत सिलिका जेलच्या पिशव्या आहेत, निळे दाणे गुलाबी झाले की बदलते. जूनच्या आधी एकदा आणि गणपती गेल्यावर एकदा उघडून बघते. बदाम डायरीतच आहे, त्याच पानात, फक्त आता मध्ये ॲसिड-फ्री कागदाची एक छोटी घडी आहे.