एलेव्हेटर गुळगुळीत झाला, पण दुसऱ्या खेपेला

लाँग-ईझेड या घरी बांधायच्या छोट्या विमानाचा पहिला एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) फोंड्याच्या शेडमध्ये भर जुलैत फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी राळ वापरून लॅमिनेट केला. सकाळी हात लावला तर वर मेणचट थर! दमट हवेत इपॉक्सीचा हार्डनर (राळ कडक करणारा घटक) ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, त्याचा हा प्रताप. मी शहाणा, थेट पॉलिश पेपर मारला, पेपर तुंबला. आधी कोमट पाणी नि स्क्रबरने धुवायचा होता.

मग कापडाच्या विणीचे खड्डे बुजवायला मायक्रोबलूनची (पोकळ सूक्ष्म गोळ्यांच्या भुकटीची) पुट्टी थापली. शेजारचे होडीवाले काका म्हणाले, "किलोभर जास्त झाली तर बिघडतं काय?" होडीचं ठीक आहे हो. इथे बिजागरीमागे वजन वाढलं की फ्लटरचा, म्हणजे उडताना पट्टी बेफाम फडफडण्याचा धोका, आणि तोल साधायला पुढे आणखी शिसं. सगळं खरवडलं.

दुसऱ्या वेळी डीह्युमिडिफायर लावला. ओल्या फायबरवर मेण चोळलेली मायलर (गुळगुळीत प्लास्टिक) शीट टाकली, मधून कडेकडे स्क्वीजीने हवा काढली. पूर्ण सुकल्यावर शीट सोलली, तर ट्यूबलाइट त्यात सरळ रेघेसारखी दिसली! टाचणीएवढी दोन-चार भोकं होती, तेवढीच भरली. रंगाचंही वजन असतं, म्हणून तोल रंगानंतर पुन्हा तपासणार.