फॉलोअर राहू देत, नंबर सेव्ह झाला का?

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. आता बराचसा थेट घरोघरी जातो, पुण्याला, ठाण्याला, डोंबिवलीला. बागेचं खातं सासरे आणि नवरा बघतात, फोनचं माझ्याकडे आहे. आजूबाजूच्या बायका, कोणी आंबापोळी करतात, कोणी कोकम विकतात, एकीचं होमस्टे आहे, त्या मला विचारतात की इन्स्टाग्रामवर काय टाकू. मी उलट विचारते, तुझा नंबर किती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये सेव्ह आहे?

व्हॉट्सॲपची रीतच तशी आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट केली की एका यादीतल्या २५६ जणांना एकदम मेसेज पाठवता येतो, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो पोचतच नाही. स्टेटसचंही तेच, दोघांकडे एकमेकांचे नंबर असले तरच दिसतं. इन्स्टाग्रामवर तुमची पोस्ट कुणाला दाखवायची हे इन्स्टाग्राम ठरवतं. रील हजारोंनी बघितलं आणि पेटी एकही गेली नाही, असं सर्रास होतं. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक अनोळखी माणसाला दारापर्यंत आणतात. दर, पत्ता, पैसे, तक्रार आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर, हे सगळं व्हॉट्सॲपवर.

नंबर सेव्ह करून घ्यायला लाजू नका, मात्र त्याचं कारण द्या. नुसतं ‘सेव्ह करा’ म्हटलं की कुणी करत नाही. मी दरपत्रकाखाली लिहिते, ‘हा नंबर देवगड आंबा या नावाने सेव्ह करा, म्हणजे गाडी निघाल्याचा मेसेज तुम्हाला मिळेल.’ माझं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, पुढच्या मार्चमध्ये ते फोनमध्ये ‘आंबा’ असंच शोधणार. पेटीत टाकायच्या चिठ्ठीवरही तीच ओळ असते. कुठून तरी नंबरांच्या तयार याद्या विकत मिळतात, त्या घेऊ नका. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि व्हॉट्सॲप तुमचा नंबरच बंद करतं. ऐन एप्रिलमध्ये असं झालं तर पिकलेला माल घेऊन बसावं लागेल.

धंद्याला वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. फुकट आहे. कॅटलॉगमध्ये पेटीचा फोटो, किती डझन, एक फळ साधारण किती ग्रॅमचं आणि दर एवढं भरा. ‘क्विक रिप्लाय’मध्ये दर, गाडीचे वार आणि पैसे कसे द्यायचे अशी तीन उत्तरं लिहून ठेवा, नाहीतर दिवसभर तेच तेच टाइप करून अंगठे दुखतात. लेबलं स्वतःच्या कामाप्रमाणे ठेवा. माझी चार आहेत, ‘पत्ता हवा’, ‘पैसे बाकी’, ‘गाडीत’ आणि ‘दुसरी पेटी’. शेवटचं सगळ्यात मोलाचं. एकाच हंगामात ज्याने पुन्हा मागवलं, त्याला आंबा आवडलाय हे मला वेगळं विचारावं लागत नाही. पुढच्या वर्षी पहिला मेसेज त्या यादीला जातो, बाकीच्यांना नंतर.

काय दाखवायचं?

नवीन माणूस आधी सजवलेला फोटो काढतो, परडीत आंबे, बाजूला पान, मागे पैठणी. असे फोटो गूगलवरून उचललेले वाटतात आणि पुष्कळदा तसेच असतात. लोकांना बाग बघायची असते. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ उतरवताना, देठ थोडा ठेवून कापताना, पेटीत पेंढा घालताना. देठ का ठेवतात हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. अगदी मुळाशी तोडला तर चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात त्याला कळतं की समोरची व्यक्ती खरंच बागेत उभी आहे.

आमच्याकडचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ सासऱ्यांचा. मी विचारलं, आंबा उतरवायला आला हे कसं ओळखता? ते म्हणाले, “ह्येच्यात काय सांगूचा? आंबो तयार झालो की कळता.” आणि मग सांगत सुटले. देठाच्या दोन्ही बाजूचे खांदे भरून वर येतात, देठ खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो, हिरवा रंग जरा निवळतो. हातात एक कोवळं फळ आणि एक तयार फळ. मालवणीत बोलले ते तसंच ठेवलं, खाली प्रमाण मराठीत अक्षरं टाकली. अक्षरं टाकायलाच हवीत, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. पाठ करून बोलायला लावलं असतं तर सासरे आवंढा गिळत बसले असते.

चित्रीकरणाचं फार शास्त्र नाही. फोन उभा धरा, कारण रील उभंच दिसतं. लेन्स पदराने पुसा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर घ्या, दुपारी कातळावर ऊन असं तापतं की फळ पांढरंफटक दिसतं. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळमाळावरचा, वारा माइकमध्ये घुसतो, तेव्हा बोलायचं असेल तर झाडाच्या आडोशाला. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हातातलं काम दिसू दे, ‘नमस्कार मित्रांनो’ नंतर. बिझनेस खात्याला इन्स्टाग्रामवर सगळी चित्रपटगीतं वापरता येत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. झेल्याचा आणि पेंढ्याचा आवाज पुरतो.

आता जे दाखवायला सगळे घाबरतात ते. साका. वरून देखणा हापूस, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, चव नसलेला भाग. बाहेरून तो ओळखू येत नाही, आम्हालाही नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आंबा सडका दिला किंवा कार्बाइडने पिकवला. मी दर हंगामाच्या सुरुवातीला साका निघालेलं फळ कापून दाखवते आणि असा निघाला तर आम्ही काय करतो तेही सांगते. यामुळे ऑर्डरी कमी होतील अशी भीती घरात सगळ्यांना होती. झालं असं की तक्रारीचा सूरच बदलला, लोक ‘फसवलंत’ म्हणण्याऐवजी ‘दोन फळांत साका निघाला हो’ असा फोटो पाठवतात. तुमच्या मालाचाही असा काहीतरी साका असणारच. कोकम आगळाचा रंग दर वर्षी थोडा वेगळा येतो, हाताने भरलेल्या साडीत टाका मागेपुढे होतो. तुम्हीच आधी सांगा.

‘पेटी आली, आता काय’ हा व्हिडिओही एकदा करून ठेवा आणि दर वर्षी तोच पाठवा. पेटी उघडी ठेवा, फळं पेंढ्यातच राहू देत, कच्ची फ्रिजमध्ये नकोत. वास सुटला, साल किंचित सुरकुतली की खायला घ्या. हा व्हिडिओ गिऱ्हाईक स्वतःहून बहिणीला, ऑफिसच्या ग्रुपला पाठवतं. जाहिरात म्हणून केलेला कुठलाही व्हिडिओ माझ्या बघण्यात इतका फिरला नाही.

दर विचारला की दर सांगा

‘प्राइस?’ अशी कमेंट आली की खाली ‘इनबॉक्स केलंय’ लिहिण्याची खोड मला अजिबात पटत नाही. माणूस बघून दर सांगतात की काय, असं वाटतं. दर उघड लिहा, वाहतूक धरून की सोडून तेही लिहा. हंगामाच्या तोंडाशी चढा असतो, मेमध्ये उतरतो, हे लोकांना समजतं. स्वस्त सांगणारा कुणीतरी कमेंटमध्ये येईलच, त्याच्याशी वाद घालू नका.

‘शंभर टक्के ओरिजिनल देवगड’ हे तर सगळेच लिहितात, परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरणारेही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. त्यात तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पानावर वर लावून ठेवा. नसली तरी गावाचं नाव, बागेचा नकाशावरचा ठिकाणा आणि घरच्या माणसांचे चेहरे द्या. आंबापोळी, सरबत असं तयार खाणं विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लेबलवर हवाच, तो फोटोतही वाचता येईल असा दिसू दे.

तक्रार कमेंटमध्ये आली तर ती पुसू नका. तिथेच लिहा, ‘फोटो पाठवा, बघते,’ आणि मिटल्यावर पुन्हा तिथेच, ‘पैसे परत केले आहेत.’ नियम आधीच ठरवून चिठ्ठीवर छापा, म्हणजे घासाघीस होत नाही. खराब फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत, हा आमचा नियम.

पैसे घालून जाहिरात करायची तर माल हातात आल्यावरच, आणि जिथे तुमची गाडी जाते तेवढीच शहरं निवडून. आमची पेटी ट्रॅव्हल्सने जाते, नागपूरला पोचवता येत नाही, मग तिथल्या माणसाला जाहिरात दाखवून काय उपयोग? बटण ‘मेसेज पाठवा’चं ठेवा, म्हणजे माणूस थेट व्हॉट्सॲपवर येतो. आधी थोडे पैसे घाला, किती चौकशा आल्या आणि त्यातल्या किती पेट्या गेल्या हे वहीत मांडा. लाइक वहीत धरू नका.

फसवणारेही याच वाटेने येतात. ‘मी लष्करात आहे, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात,’ असा फोन येतो, भाव न करता ऑर्डर पक्की होते, आणि मग ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर कोड येतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय पेटी गाडीत चढवू नका. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी लावून टाका. तरीही फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

हंगाम संपल्यावर खातं मिटून बसू नका. पावसात फार काही टाकायला नको, छाटणी, खताचे खड्डे, उन्हाळ्यात वाळवलेली आंब्याची साठं. थंडीत मोहोर आला की तो जरूर दाखवा आणि त्या वेळी ‘दुसरी पेटी’वाल्यांना बुकिंगचा मेसेज करा. एरवी हंगाम सोडून ब्रॉडकास्ट महिन्याला एकापेक्षा जास्त नको. सणाच्या शुभेच्छा, सुविचार, गुड मॉर्निंग यातलं काहीच नको, त्यानेच लोक नंबर म्यूट करतात.

याद्या साफ करण्याचं काम मी जूनमध्ये करते, पाऊस लागला की वेळ असतो. बदललेले पत्ते घालायचे, बंद नंबर काढायचे, ज्यांनी ‘मेसेज नको’ म्हटलं त्यांना तिथल्या तिथे वगळायचं. त्यांच्यापैकी कुणाचे पैसे बाकी असतील तर मात्र फोन करायचा.